पाच साबांचा पहिला वॉच: इंजिन रूममधले चार तास

मागच्या रविवारी ऐरोलीहून भाचा आला. हातात प्लास्टिकची फाइल आणि पिशवीत घडी न मोडलेला बॉयलर सूट. सीबीडी बेलापूरच्या ऑफिसांत महिनाभर खेटे घातल्यावर अखेर जहाजावर ज्युनिअर इंजिनिअर म्हणून जॉइनिंगची तारीख हातात पडली होती. नेरुळच्या आमच्या गॅलरीत चहा घेताना म्हणाला, "मामा, कॉलेजात सगळं शिकवलं. पण खाली उतरल्यावर पहिल्या पाच मिनिटांत नक्की करायचं काय?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मीही पहिल्या दिवशी वही घेऊन इंजिनासमोर पुतळ्यासारखा उभा होतो. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय, म्हणून भाषा एकेरी आहे. आपल्याकडच्या क्रूमध्ये ज्युनिअर इंजिनिअरला 'पाच साब' म्हणतात, फोर्थला 'चार साब', थर्डला 'तीन साब' आणि चीफला 'बडा साब'. हा लेख पाच साबांसाठी आहे, त्यांच्या वॉचबद्दल, म्हणजे इंजिन रूममधल्या चार तासांच्या पाळीबद्दल. क्लास फोरचं (स्वतंत्रपणे वॉच सांभाळायचं) सर्टिफिकेट हातात येईपर्यंत वॉचची जबाबदारी तुझ्या एकट्यावर नसते, तू कुणाच्या तरी हाताखाली असतोस. पण सवयी लागतात त्या याच दिवसांत.

आधी वेळापत्रक. जुन्या पद्धतीच्या वॉचमध्ये १२ ते ४ थर्डचा, ४ ते ८ सेकंडचा आणि ८ ते १२ फोर्थचा, दिवसातून दोनदा. आजची बरीच जहाजं यूएमएस आहेत. म्हणजे रात्री इंजिन रूममध्ये कुणी नसतं, अलार्म थेट ड्युटी इंजिनिअरच्या केबिनमध्ये वाजतो आणि सगळे दिवसा काम करतात. त्यामुळे वॉच शिकायची गरज नाही असं मात्र समजू नकोस. बंदरात शिरताना, अरुंद पाण्यात किंवा अलार्म सिस्टिम बिघडली की यूएमएस जहाजावरही माणसं खाली उतरतात, आणि तेव्हा ज्याला वॉच येतो त्यालाच बोलावलं जातं.

वॉचच्या आधी

वॉचची सुरुवात झोपेपासून होते. एसटीसीडब्ल्यूच्या (खलाशांचं प्रशिक्षण आणि वॉच यांबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) नियमानुसार कोणत्याही २४ तासांत किमान १० तास आणि ७ दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळायला हवी. हे १० तास फार तर दोन तुकड्यांत घेता येतात आणि त्यातला एक तुकडा किमान ६ तासांचा असावा लागतो. कागदावर हे आकडे नेहमी जुळतात, तू ते खरंच जुळव. १२ ते ४ असेल तर संध्याकाळी जेवून गप्पा मारत बसू नकोस.

वॉच सुरू व्हायच्या १५-२० मिनिटं आधी निघ. कपडे सुती, बाह्या पूर्ण, बुटांच्या लेस आत खोचलेल्या. कानांना संरक्षण हवंच. इंजिन रूममधला आवाज शंभर डेसिबलच्या पुढे जातो आणि वीस वर्षांनी बायको हाक मारते तेव्हा त्याची किंमत कळते. टॉर्च, चिंधी आणि छोटी वही सोबत असू दे. हातात अंगठी नको, गळ्यात चेन नको. आईने बांधलेला गंडा असेल तर तो केबिनमध्ये काढून ठेव, आईला मी सांगेन.

ईसीआरमध्ये, म्हणजे इंजिन कंट्रोल रूममध्ये, शिरण्याआधी चीफच्या स्टँडिंग ऑर्डर्स (कायमच्या सूचना) आणि त्या रात्रीच्या नाइट ऑर्डर्स वाचून सही कर. वाच म्हणजे खरंच वाच. 'नंबर दोन जनरेटर चालू करू नये' ही एक ओळ नजरेतून निसटली तर काय होतं, ते मी एकदा लांबून पाहिलंय.

वरून खाली

बरीच मुलं थेट कंट्रोल रूममध्ये जाऊन पडद्यासमोर बसतात. तू तसं करू नकोस. वॉच घेण्याआधीचा राऊंड वरून खाली मार. आधी स्टीअरिंग गिअरच्या (सुकाणू फिरवणाऱ्या यंत्राच्या) खोलीत जा: कोणती मोटर चालू आहे, टाकीत तेल किती, रॅमजवळ गळती आहे का. मग बॉयलर: पाण्याची पातळी, स्टीमचा दाब, बर्नरची ज्योत. त्यानंतर इंधनाच्या टाक्या, म्हणजे सेटलिंग (जिथे तेल निवळतं) आणि सर्व्हिस टँक (जिथून ते इंजिनाला जातं) यांच्या पातळ्या. तिथून मेन इंजिनच्या हेडजवळ, मग जनरेटर, प्युरिफायर (तेल साफ करणारं यंत्र) रूम आणि सर्वात शेवटी तळाचा प्लॅटफॉर्म: पंप, स्टर्न ट्यूब (पंख्याचा दांडा बाहेर जातो ती नळी), बिल्ज (तळाशी पाणी-तेल साचतं ती जागा).

वरून खाली का? गळती कुठेही झाली तरी पाणी आणि तेल शेवटी तळालाच येतं. वर काय पाहिलं ते डोक्यात असलं की खाली बिल्जमध्ये दिसलेल्या थेंबाचा माग काढता येतो. उलट दिशेने गेलास तर थेंब आधी दिसतो आणि मग त्याचं मूळ शोधत पुन्हा शिड्या चढाव्या लागतात.

या राऊंडमध्ये आकडे लिहायची घाई नको. फक्त बघ, ऐक, वास घे. गरम डिझेलचा, जळक्या रबराचा आणि तापलेल्या रंगाचा वास हे तीन वेगळे वास आहेत. महिन्याभरात तुला डोळे मिटूनही ते ओळखता येतील.

वॉच घेताना

आता जाणाऱ्या इंजिनिअरसमोर उभा राहा आणि विचार: काय चालू आहे, काय स्टँडबायला आहे, काय बंद आहे आणि का? कुठे काम अर्धवट आहे? कुठली टाकी कुठून कुठे ट्रान्सफर होतेय? ब्रिजकडून (जिथून जहाज हाकतात तिथून) काही निरोप? गेल्या चार तासांत कोणता अलार्म वाजला आणि त्याचं काय केलं? शेवटचा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. "वाजला होता, अ‍ॅक्सेप्ट केला" हे उत्तर नव्हे.

दोन गोष्टी पक्क्या ठेव. ट्रान्सफर किंवा इंधन बदलण्यासारखं काम ऐन मध्यात असेल तर ते संपेपर्यंत किंवा सुरक्षित टप्प्यावर येईपर्यंत वॉच बदलत नाही. आणि पुढचा माणूस आजारी, झोपेत किंवा नशेत वाटला तर त्याच्या हातात वॉच द्यायचा नाही, चीफला कळवायचं. हे नियमातच आहे, चुगली नव्हे. आपल्याकडे "जाऊ दे, सांभाळून घेऊ" म्हणायची सवय असते. खाली ती सोडून द्यायची.

चार तास: आकडे नव्हे, बदल

वॉच म्हणजे आकडे वहीत उतरवणं नव्हे. काल हेच मशीन कसं होतं हे लक्षात ठेवून आज काय बदललं ते पकडणं म्हणजे वॉच. अलार्म हा शेवटचा इशारा असतो. तू त्याच्या आधी पोचायला हवंस.

मोठ्या टू-स्ट्रोक इंजिनावर साधारण काय दिसतं ते सांगतो, पण तुझ्या जहाजाचे खरे आकडे मॅन्युअलमध्ये आणि गेल्या महिन्याच्या लॉगबुकात आहेत, ते बघ. जॅकेट वॉटर बाहेर पडताना ८० ते ८५ अंश. ल्युब ऑइल आत जाताना ४५ च्या आसपास. स्टार्टिंग एअर ३० बारपर्यंत. हेवी फ्युएल इंजेक्टरजवळ पातळ असावं लागतं, १० ते १५ सेंटिस्टोक (दाटपणाचं माप), आणि ३८० सेंटिस्टोकचं तेल त्यासाठी १३०-१४० अंशांपर्यंत तापवावं लागतं. तापमानापेक्षा व्हिस्कोसिटीवर, म्हणजे दाटपणावर, नजर ठेव. प्रत्येक वेळी भरलेलं तेल (बंकर) वेगळं असतं, तेच १३५ अंश एका तेलाला पुरतात आणि दुसऱ्याला कमी पडतात.

एक्झॉस्ट तापमानं बघताना एकेका सिलिंडरचा आकडा नाही, सगळ्यांमधलं अंतर बघ. सहाही युनिट (सिलिंडर) १० अंशांनी चढली तर लोड वाढला असेल, समुद्र चढला असेल किंवा हवा कमी पडत असेल. एकच युनिट ३० अंशांनी चढलं तर इंजेक्टर, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंवा खाली स्कॅव्हेंजमध्ये (सिलिंडरला हवा पुरवणाऱ्या कप्प्यात) आग यातलं काहीतरी आहे, आणि त्यासाठी ताबडतोब तिथे जाऊन उभं राहायचं असतं.

हाताची पाठ हे चांगलं यंत्र आहे. पंपाच्या बेअरिंगजवळ, जनरेटरच्या ढाच्याजवळ ती नेऊन बघायची. चटका किंवा शॉक बसला तर हात आपोआप मागे येतो. तळहात मात्र कधीकधी पकडून बसतो. फिरत्या भागाजवळ अर्थातच नाही. कापडाने पुसत फिरत असशील तर चिंधीचं टोक लोंबू देऊ नकोस.

इथे माझीच फजिती सांगतो. माझा दुसरा काँट्रॅक्ट होता आणि मी तीन साबांच्या हाताखाली १२ ते ४ करायचो. हेवी फ्युएलचा प्युरिफायर इंजिन खातं त्यापेक्षा थोडं जास्त तेल सर्व्हिस टँकमध्ये टाकतो आणि जास्तीचं तेल ओव्हरफ्लो पाइपने परत सेटलिंग टँकमध्ये जातं. म्हणजे सगळं ठीक असेल तर तो पाइप गरम असतो. त्या रात्री मी दर तासाला प्युरिफायरजवळ गेलो आणि डिस्चार्ज प्रेशर लिहिलं. ते किंचित उतरलं होतं, पण अलार्मच्या रेषेच्या वरच होतं. सगळं 'नॉर्मल'. चार वाजता सेकंड साब आले, जिन्यावरून खाली उतरता उतरता ओव्हरफ्लोच्या फ्लँजजवळ हाताची पाठ नेली आणि थांबले. पाइप थंड. प्युरिफायरच्या फिरत्या बाऊलचं सील अर्धवट सुटलं होतं आणि तेल चुपचाप पाण्याच्या वाटेने स्लज (टाकाऊ गाळाच्या) टँकमध्ये जात होतं. स्लज टँकची साउंडिंग (टेप सोडून मोजलेली पातळी) घेतली तर ती दीड वॉचमध्ये भलतीच चढलेली. माझ्या वहीत चारही तासांचे आकडे सुवाच्य अक्षरात होते. सेकंड साब ओरडले नाहीत, नुसती वही बंद करून माझ्या हातात दिली.

तेव्हापासून प्रत्येक टाकीसाठी एक प्रश्न विचारतो: यात येतंय किती, जातंय किती, आणि पातळी त्या हिशेबाशी जुळते का? पातळी स्थिर असणं म्हणजेही माहिती असते. जी टाकी भरायला हवी ती स्थिर असेल, तर तेल दुसरीकडे जातंय.

सेटलिंग आणि सर्व्हिस टँकचं पाणी प्रत्येक वॉचमध्ये ड्रेन करायचं. व्हॉल्व्ह स्प्रिंगचा असतो, हात सोडला की आपोआप बंद होतो. तो तारेने बांधून ठेवणारे लोक मला भेटलेत. तू तसा होऊ नकोस. पाणी नेहमीपेक्षा जास्त निघालं तर लिही आणि सांग.

फ्रेश वॉटर जनरेटर इंजिनाच्या जॅकेट वॉटरच्या उष्णतेवर चालतो. आत निर्वात करून समुद्राचं पाणी ५० अंशांच्या आसपास उकळवलं जातं. इतक्या तापमानाला जंतू मरतीलच याची खात्री नसते, म्हणून किनारा जवळ आला की तो बंद. क्षारांच्या मीटरवर लक्ष ठेव. खारट पाणी टाकीत गेलं की कळवायला वॉच संपायची वाट बघू नकोस, सगळ्या जहाजाचा चहा बिघडतो.

बिल्ज आणि वही

बिल्जमधलं पाणी समुद्रात टाकायचं असेल तर ऑइली वॉटर सेपरेटरमधून (पाण्यातलं तेल वेगळं करणाऱ्या यंत्रातून), जहाज चालू असताना आणि तेलाचं प्रमाण १५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत १५ भागांच्या) वर नसेल तरच. त्या वर गेलं की थ्री-वे व्हॉल्व्ह पाणी आपोआप बिल्ज टँकमध्ये परत वळवतो. पाच साब म्हणून एकट्याने हे कधीच करू नकोस. चीफने सांगितल्याशिवाय आणि ब्रिजला विचारल्याशिवाय नाही. तेलाचं प्रमाण मोजणाऱ्या मीटरला ताजं पाणी पाजून फसवणं किंवा चोरून दुसरा पाइप जोडणं यासाठी लोक परदेशी तुरुंगात गेलेत. त्यात "मला सेकंडने सांगितलं होतं" म्हणणारे ज्युनिअरही आहेत.

ऑइल रेकॉर्ड बुकमधल्या (तेलाच्या हिशेबाच्या वहीतल्या) नोंदी चीफच्या देखरेखीखाली होतात, पण त्यातले साउंडिंगचे आकडे बऱ्याचदा तूच घेतलेले असतात. ते तीन वर्षं जहाजावर राहतात. अंदाजाने लिहायचे नाहीत. टाकीचा आकडा काल होता तोच आहे असं वाटलं तरी टेप आत सोडायचीच. चूक झाली तर एक रेघ मारून सही कर. व्हाइटनर बंदरात शिरलेल्या इन्स्पेक्टरला लांबूनही दिसतो.

बंदर जवळ आलं

ब्रिजवरून एक तासाची सूचना आली की तुझे पाय धावायला लागतात. दुसरा जनरेटर चालू करून पहिल्याच्या जोडीला लावणं (पॅरलल), एअर बॉटल्स भरून पाणी ड्रेन, ऑक्झिलरी ब्लोअर ऑटोवर, फ्रेश वॉटर जनरेटर बंद, टेलिग्राफची (ब्रिजकडून वेगाचा हुकूम येणाऱ्या यंत्राची) चाचणी, ब्रिजशी घड्याळ जुळवणं. निघताना असेल तर आणखी काही: टर्निंग गिअर (बंद इंजिन हळू फिरवणारी मोटर) बाहेर काढलाय ना ते डोळ्यांनी बघ, इंडिकेटर कॉक (सिलिंडरवरचे छोटे व्हॉल्व्ह) उघडे ठेवून इंजिन हवेने फिरवून कुठल्या सिलिंडरमधून पाणी किंवा तेल उडतंय का ते बघ, मग कॉक बंद. स्टीअरिंग गिअरची चाचणी निघण्याआधीच्या १२ तासांत व्हावी लागते. त्यात रडर (सुकाणू) एका बाजूच्या ३५ अंशांपासून दुसऱ्या बाजूच्या ३० अंशांपर्यंत २८ सेकंदांत पोचायला हवा.

सी-चेस्टबद्दल थोडं, म्हणजे पाणी आत घ्यायच्या कप्प्यांबद्दल. जहाजाला समुद्राचं पाणी घ्यायला दोन तोंडं असतात, एक तळाशी आणि एक जरा वर. खोल समुद्रात खालचं वापरतात. उथळ पाण्यात वरचं, नाहीतर तळाचा गाळ आत येतो. पाम बीच रोडवरून ओहोटीच्या वेळी आपली खाडी बघ, किती चिखल उघडा पडतो ते. न्हावा-शेव्याला आत येताना हाच गाळ, त्यात प्लास्टिक, पंप ओढत असतो. हाय सक्शनवर (वरच्या तोंडावर) घेतल्यावरही स्ट्रेनरच्या (गाळणीच्या) दोन्ही बाजूंच्या दाबावर डोळा ठेव. फरक वाढायला लागला की दुसरा स्ट्रेनर घे आणि पहिला साफ कर. कूलरचं तापमान चढल्यावर धावाधाव करण्यापेक्षा ते बरं.

एमिशन कंट्रोल एरियात (धुरावर कडक मर्यादा असलेल्या सागरी भागात) शिरताना ०.१० टक्के सल्फरच्या डिझेलवर यावं लागतं, बाहेर २०२० पासून ०.५० टक्के चालतं. गरम जड तेलातून थंड डिझेलवर येताना घाई केली तर फ्युएल पंप जाम होतात. तापमान मिनिटाला साधारण २ अंशांपेक्षा वेगाने उतरू द्यायचं नाही. हे काम पहिल्यांदा पाहायला मिळेल तेव्हा वॉच नसला तरी खाली जा.

वाईट वेळ

अलार्म वाजला की आधी वाच, मग अ‍ॅक्सेप्ट कर, मग जा. आणि तीन साबांना सांग. कुणाला उगाच उठवलं म्हणून आजवर कुठल्याही ज्युनिअरला काँट्रॅक्टमधून काढल्याचं मी ऐकलेलं नाही. उठवलं नाही म्हणून काय झालं याच्या गोष्टी मात्र रात्रभर सांगता येतील.

ब्लॅकआउट झाला तर अचानक शांतता होते, आणि तीच जास्त घाबरवते. इमर्जन्सी जनरेटर ४५ सेकंदांच्या आत लोड घेतो, तेवढा वेळ अंधारात जिथे आहेस तिथे कठडा धरून उभा राहा. मग ब्रिजला फोन, स्टँडबाय जनरेटर आला का ते बघणं, आणि ल्युब ऑइल, कूलिंग, स्टीअरिंग हे पंप आधी. बाकीचं नंतर.

स्कॅव्हेंजमध्ये आग लागली की एकाच युनिटचं एक्झॉस्ट चढतं, स्कॅव्हेंज बॉक्सचा रंग फुगतो, टर्बोचार्जर भुंकायला लागतो. ब्रिजला सांगून वेग कमी करायचा, त्या युनिटचं इंधन तोडायचं, सिलिंडर ऑइल वाढवायचं आणि रिलीफ व्हॉल्व्हच्या समोरून बाजूला व्हायचं. ऑइल मिस्ट डिटेक्टर वाजला तर ते याहून गंभीर आहे. क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या तळाच्या बंद कप्प्यात) कुठेतरी बेअरिंग तापलंय आणि तेलाची वाफ स्फोटाच्या तयारीत आहे. इंजिन स्लो, मग स्टॉप, आणि सगळे त्या बाजूपासून लांब. आत काय झालंय हे बघायची उत्सुकता किमान अर्धा तास खिशात ठेव. दार उघडलंस की तू आत ताजी हवा सोडतोस, आणि त्या वाफेला स्फोटासाठी फक्त तीच हवी असते.

हाय प्रेशर फ्युएल पाइपला दुहेरी आवरण असतं. आतला पाइप फुटला तर तेल लीकेज टँकमध्ये जाऊन अलार्म वाजतो. तो अलार्म किरकोळ समजू नकोस. २२० अंशांच्या वर तापणाऱ्या पृष्ठभागांवर लॅगिंग (उष्णतारोधक आवरण) असायलाच हवं, आणि राऊंडमध्ये कुठे लॅगिंग निघालेलं दिसलं तर वहीत लिही. इंजिन रूममधल्या बऱ्याच आगींची सुरुवात थोडंसं उडालेलं तेल आणि एक उघडा गरम तुकडा, एवढ्यानेच होते.

पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी डोळे बांधून शोधता आल्या पाहिजेत: क्विक क्लोजिंग व्हॉल्व्हची (टाक्यांमधलं तेल लांबून तोडणाऱ्या व्हॉल्व्हची) हँडल्स, बाहेर पडायचा इमर्जन्सी जिना, आणि इमर्जन्सी बिल्ज सक्शनचा व्हॉल्व्ह. हा शेवटचा इंजिन रूममध्ये पाणी भरायला लागलं तर मोठ्या समुद्री पंपाला थेट जोडतो. तो फिरतोय का हे विचार. न वापरल्यामुळे तो गंजून बसतो, आणि विचारणारा पाच साब सेकंडला आवडतो.

वॉच देताना

पहाटे चार वाजायला वीस मिनिटं असताना पुन्हा एक राऊंड मार. घसरणारं तेल पुसून घे, हत्यारं जागेवर ठेव, चिंध्या डब्यात. पुढच्याला तुझा पसारा वारशात देऊ नये. लॉगबुक चार तासांचं एकदम लिहू नकोस, तासागणिक लिही. मग तू वॉच घेताना विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं येणाऱ्याला आपणहून सांग, विशेषतः जे अजून अलार्मला पोचलेलं नाही पण तुला खटकतंय ते. 'नंबर तीनचा पंप आज जरा वेगळा वाजतोय, का ते कळलं नाही' हे वाक्य लाज न बाळगता बोल. त्याने "घेतला" म्हटल्यावरच वॉच सुटला.

वर गेल्यावर आधी आंघोळ, मग खाणं. तेलाचा बॉयलर सूट केबिनमध्ये नेऊ नकोस, बाहेरच्या चेंजिंग रूममध्ये टांग. आणि पेन वरच्या खिशात ठेवू नकोस. तळाच्या प्लॅटफॉर्मवर पहिल्यांदा वाकलास की ते प्लेटच्या फटीतून बिल्जमध्ये जातं, आणि मग एखाद्या रात्री बिल्ज पंप ओढेनासा झाला की स्ट्रेनर उघडायला तुलाच पाठवतात.